ग्रॅनाइटवरचा फेरा

मेंढरं देवळात शिरली आणि कुणीच ओरडलं नाही, तिथंच माझं डोकं फिरलं.

देऊळ म्हणजे चर्च. इटलीतल्या एका डोंगरावरच्या टीचभर गावातलं. माझी लेक परभणीला कृषी विद्यापीठात शिकली आणि पुढं दुधातलं काहीतरी मोठं शिकायला तिकडं गेली. शाळेतून निवृत्त झाल्यावर मी तिच्याकडं महिनाभर राहायला गेले. तिची घरमालकीण त्या डोंगरावरच्या गावची. म्हातारी मोठी हौशी. आमच्या गावात जनावरांच्या संताचा सण आहे, आईला घेऊन चल, असं तिनं लेकीला बजावून ठेवलं होतं. थंडी तर अशी, की लुगड्याच्या आत दोन पायजमे, वर लेकीचा कोट आणि डोक्याला कानटोपी. आरशात बघून माझं मलाच हसू आलं. या अवतारात मी त्या दगडी पायऱ्या चढून वर गेले.

इटलीची आरती ओवाळायला मी बसलेली नाही, हे आधीच सांगते. त्या गावातली निम्मी घरं कुलूपबंद होती आणि पोरंसोरं औषधालासुद्धा नव्हती. येताना बसमध्ये एका बाईनं माझ्याकडं बघून आपली पर्स पोटाशी घट्ट धरली, तेही मी विसरलेले नाही. पण त्या सणाला मी जे बघितलं ते बघितलं.

लोकांनी संताची मूर्ती खांद्यावर घेतली, गावभर मिरवली आणि मागोमाग गुरं, गाढवं, कुत्री, असा सगळा लवाजमा चालला. सगळ्यात शेवटी एक मेंढपाळ आपला कळप घेऊन आला. मला वाटलं, आता हा बाहेरच थांबणार. तर कुठलं काय! दार सताड उघडं होतं. गळ्यातल्या घंटा वाजवत मेंढरं सरळ आत, पार मूर्तीपुढं. पाद्रीबाबानं ओल्या डहाळीनं त्यांच्यावर पाणी शिंपडलं. आणि मेंढरांनी मेंढरांचं केलं. लेंड्या टाकल्या. भर चर्चमध्ये, पाद्रीबाबाच्या पायाशी.

आता कोण खेकसतंय म्हणून मी सगळीकडं बघायला लागले. पाद्रीबाबानं झग्याचा घोळ जरासा उचलला, एक पाऊल बाजूला झाला आणि पुढचा मंत्र म्हणायला लागला. सगळं उरकल्यावर दोन-चार बायका झाडू घेऊन आल्या आणि गप्पा मारत मारत फरशी झाडून मोकळ्या झाल्या. बास. एवढंच!

मी तिथं बाकड्यावर बसून रडायला लागले. लेक घाबरली.

"आई, काय झालं? थंडी वाजतीय का?"

"थंडी नाही. राग आलाय."

"कुणाचा?"

"आपल्या गावाचा," मी म्हटलं.

आमचं गावही डोंगरावरचंच. जिंतूरहून येलदरीकडं जाताना आडवाटेला लागतं, आणि वर देवळापाशी उभं राहिलं की खाली धरणाचं पाणी दिसतं. आम्ही तिथले धनगर. देवळात आई आहे. तिची गोष्ट आमच्याकडं दूधपित्या लेकरालाही पाठ असते. आई आमच्या कुण्या पूर्वजाच्या कळपामागं चालत येत होती. मागं वळून बघायचं नाही, बघशील तिथं मी थांबेन, अशी तिची अट होती. पण डोंगरावर आल्यावर एक कोकरू मागं राहिलं आणि ओरडायला लागलं. धनगर तो, त्यानं मागं बघितलं. आई तिथंच बसली. कोकरासाठी बघितलंस म्हणून माफ केलं, म्हणाली, पण दरवर्षी तुझी मेंढरं मला दाखवून जात जा.

म्हणून चैत्रातल्या यात्रेला मेंढरांचा फेरा. पालखी उचलायच्या आधी आमच्या घरचा कळप देवळाभोवती एक चक्कर मारणार. पुढं कर्ता धनगर, मागं मेंढरं, ढोल आणि भंडाऱ्याची उधळण. देवळाच्या मागच्या कोपऱ्यावर धनगरानं थांबायचं, मागं वळून बघायचं, मागं राहिलेल्या कोकराला हाळी द्यायची आणि मग पुढं निघायचं. फेरा झाल्याशिवाय पालखीला हात लावायचा नाही, हा दस्तूर. माझ्या वडिलांनी, आबांनी, मला कळायला लागल्यापासून हा फेरा घातला. आणि फेरा झाला की माझी माय खराटा घेऊन यायची आणि लेंड्या झाडून टोपल्यात भरायची. त्या टोपल्याभोवती कास्तकारांची ही गर्दी! ज्याच्या त्याच्या हातात फडक्याची पुरचुंडी. फेऱ्याच्या लेंड्या म्हणजे प्रसाद. मृगात पेरणीच्या पहिल्या मुठीत ते त्या कालवायचे. मोठमोठे जमीनवाले मायपुढं हात पसरून उभे राहायचे, "वयनी, जरा आमाला बी," म्हणायचे.

तर असल्या गावानं फेरा बंद केला.

कारण काय, तर ग्रॅनाइट. देवळाचा जीर्णोद्धार झाला, नवी कमिटी आली आणि जुनी खडबडीत दगडी फरसबंदी उखडून देवळाभोवती काळंभोर, चकचकीत ग्रॅनाइट बसवलं. तोंड बघून केस विंचरावेत असं! कमिटीचे अध्यक्ष माझ्याच वर्गातले. लहानपणी यांची आई यांना पुरचुंडी देऊन आमच्या टोपल्याशी उभं करायची, मी डोळ्यांनी बघितलेलं आहे. त्या वर्षी यात्रेच्या आदल्या दिवशी ते आबांकडं आले. मीही यात्रेला म्हणून माहेरी आलेली होते.

"आबा, यंदापासून मेंढरं वर नका आणू," अध्यक्ष म्हणाले. "बाहेरून लोक येतेत. लय घाण होती."

आबा खाटेवर बसले होते. त्यांना आधी कळलंच नाही.

"घान?" ते म्हणाले. "आरं, मी झाडून घेतो की. हिची माय गेली, पर मी झाडीन. माझ्या हातानं झाडीन."

"तसं न्हाई, आबा. डाग पडतेत. पॉलिश जातंय."

"धुऊन काढीन म्हनलं ना."

"कमिटीचं ठरलंय आता," अध्यक्ष म्हणाले आणि चहा न घेता उठले.

मी मागं धावले. अंगणात गाठून विचारलं, तुमच्या शेतात मेंढरं बसवायला आबांच्या मागं लागता, तेव्हा घाण नाही होत? तिथं लेंड्या म्हणजे सोनं आणि इथं डाग? ते म्हणाले, ताई, तुमी शिकलेल्या हाव, तुमी तरी स्वच्छतेचं समजून घ्या. शिकलेली! माझं शिक्षण माझ्याच बापाच्या तोंडावर मारायला निघाला हा माणूस. शिवी तोंडात आली होती. आबांनी आतून हाक मारली म्हणून गिळली.

त्या वर्षी पालखी फेऱ्याशिवाय उठली. कुणाचं काही अडलं नाही. एकजणसुद्धा पुढं होऊन म्हणाला नाही की बाबा, दस्तूर मोडतोय. सगळे नव्या फरशीवर उभे राहून फोटो काढण्यात दंग. आबा कळपापाशी बसून राहिले. पुढं पावसाळ्याच्या तोंडावर त्यांनी सगळा कळप विकून टाकला. गुडघे तर कधीचे गेले होते, तरी फेऱ्यासाठी म्हणून ते मेंढरांमागं जात होते. "आईला दावायचीच न्हाईत तर कामून ठेवू," एवढंच बोलले. मी त्यांना पिंगळीला आमच्या घरी घेऊन आले. आमच्या अंगणात दिवसभर खुर्ची टाकून बसायचे. माझ्याकडं त्यांनी कधी काही मागितलं नाही. चहा गार झाला तरी तसाच प्यायचे. पण एकदा जेवताना मध्येच म्हणाले, "मरायच्या आदी येक फेरा झाला असता, तर बरं झालं असतं." आणि पुन्हा जेवायला लागले.

आता सांगा, त्या परक्या मुलुखात, मेंढरांच्या लेंड्यांपाशी बसून मी रडू नको तर काय करू?

लेकीनं चर्चमधले फोटो काढले होते. मी ते तिथूनच गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकले. मूर्तीपुढं मेंढरं, पाणी शिंपडणारा पाद्रीबाबा, झाडणाऱ्या बायका, सगळं. खाली लिहिलं, बघा, देवाच्या घरात मेंढरं. म्हटलं, वाचून एखाद्याला तरी लाज वाटेल. कशाची लाज! पटापट जोडलेले हात यायला लागले. फुलं यायला लागली. "अप्रतिम." "किती सुंदर परंपरा." "यांच्याकडून शिकण्यासारखं आहे." आणि एका शहाण्यानं लिहिलं, "आपल्याकडं असं कुठं?"

आपल्याकडं असं कुठं! अरे मेल्या, तुझ्या बापानं माझ्या मायच्या टोपल्यातनं पुरचुंडी भरून नेलीय. तुझ्या शेतातली ज्वारी त्याच्यावर पिकलीय आणि तू तिच्यावर वाढलास. मी हे सगळं टाइप केलं. लेकीनं फोन हातातून काढून घेतला म्हणून गेलं नाही. आजही वाटतं, जायला पाहिजे होतं.

मी परत आले, आणि चैत्र लागता लागता अध्यक्षांचा फोन आला. आवाजात नुसती साखर.

"ताई, तुमचे फोटो बघितले. लय भारी. आमी ठरवलंय, यंदा आपल्या यात्रेला पारंपरिक मेंढरांचा फेरा ठेवायचा. व्हिडिओ काढणारी पोरं येणारेत. आबांना घेऊन या. पटका, घोंगडी, सगळं पायजे बरं का."

मला आधी वाटलं मी चुकीचं ऐकतेय.

"मेंढरं कुठली?" मी विचारलं. "आबांनी कळप विकला. तुमच्यामुळं विकला."

"त्याचं टेन्शन घेऊ नका. भाड्यानं आनायलोत. शाम्पू लावून, एकदम स्वच्छ. सकाळपासून उपाशी ठेवू, म्हंजे घाणीचा प्रश्नच न्हाई."

मग मात्र मी सोडलं नाही. तोंडाला येईल ते बोलले. म्हटलं, माझ्या बापाची मेंढरं चालली नाहीत आणि गोऱ्यांच्या देवळातली बघितल्यावर तुम्हाला मेंढरं आठवली होय? तुमच्या व्हिडिओत उभं करायला माझा बाप काय तमाशातला सोंगाड्या आहे? उपाशी ठेवून मुक्या जनावराला आईपुढं नेणार, बेशरमांनो? फोन आपटला. मागं बघते तर आबा दारात उभे.

"कोन होतं?"

"कुणी नाही."

"फेऱ्याचं बोलत व्हतीस तू."

सांगावं लागलं. भाड्याची मेंढरं, शाम्पू, व्हिडिओ, सगळं सांगितलं. मला वाटलं चिडतील. निदान खिन्न होतील. त्यांनी दोन्ही हात जोडून कपाळाला लावले.

"जायाचं," ते म्हणाले.

"आबा, तमाशा करायलेत ते तुमचा!"

"करू दे. फेरा काय त्याहिचा हाय व्हय? आईचा हाय." आणि लगेच, "माझा पटका कुठं ठिवलास?"

मला त्यांचाही राग आला. खोटं कशाला बोलू? त्या दिवशी मी भांडी आदळली, आमच्या ह्यांच्यावर विनाकारण डाफरले. पण पटका धुवून, इस्त्री करून दिला. ते मात्र दुसऱ्या दिवसापासून गुडघ्यांना तेल चोळून घ्यायला लागले. अंगणात काठी घेऊन चालायची सवय करायला लागले.

यात्रेच्या दिवशी गाडी करून गेलो. वर पोचलो तर कमानीपाशी टेम्पो उभा, आणि टेम्पोत मेंढरं. पांढरीशुभ्र, गळ्यात लाल-पिवळ्या रिबिनी, अंगाला साबणाचा वास. आबांनी आत हात घालून एकीच्या पाठीवर ठेवला, मग दुसरीच्या. मेंढरं एकमेकींना ढुशा देत वेगवेगळ्या कोपऱ्यांकडं पळायला बघत होती.

"कुनाची हायत गं ही?" आबांनी मला विचारलं. "येका कळपातली न्हाईत. येकीला येक वळखत न्हाई."

अध्यक्ष मधेच म्हणाले, "चार गावांतनं निवडून आणलीत, आबा. दिसायला चांगली बघून."

निवडून आणली! कळप म्हणजे काय लग्नातलं ताट आहे, इथलं हे आणि तिथलं ते वाढून घ्यायला? मेंढरू परक्या हाळीला येत नाही, हे आमच्या डोंगरावर कुणालाही विचारलं असतं तरी कळलं असतं. विचारतंय कोण! आबांनी मात्र भंडाऱ्याची पिशवी सोडली. चिमूटभर भंडारा घेऊन एकेकीच्या कपाळाला लावत गेले.

ढोल सुरू झाले. ढोल वाजवणारे आमचेच भाऊबंद होते, तेवढं बरं. माणसं दोन्हीकडं दाटली, प्रत्येकाचा मोबाइल वर. आबांनी वहाणा काढल्या, घोंगडी खांद्यावर टाकली, काठी आडवी धरली आणि हाळी दिली. तीच जुनी हाळी, लहानपणी खालच्या मळ्यात ऐकू यायची ती. आता आवाज फाटला होता, पण हाळी तीच.

मेंढरं हलली नाहीत. पुन्हा हाळी. एकीनं कान टवकारले आणि तोंड फिरवलं. "आबा, जरा जोरात!" अध्यक्ष माइकवरून म्हणाले आणि लोक हसले. मग कमिटीच्या गड्यांनी मेंढरांना मागून रेटलं. ग्रॅनाइट नुकतंच धुतलेलं, त्यात वरचं आभाळ दिसत होतं. पुढच्या मेंढीनं त्यात पाय टाकला आणि ती बिचकली, मग तिचे चारी पाय चार दिशांना गेले. पोटावर पडून ती ओरडायला लागली. बाकीच्या मागं वळल्या, गड्यांच्या पायांत शिरल्या. हशा तर असा पिकला! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी पुढं घुसले, अध्यक्षांच्या हातातला माइक हिसकावला आणि ओरडले, "बंद करा! बंद करा हे!"

ढोल थांबले. मला अजून बक्कळ बोलायचं होतं. महिनेन् महिने पोटात साठवलेलं सगळं मला त्या माइकवर ओकायचं होतं.

पण आबा गुडघ्यावर बसले होते. त्यांनी त्या पडलेल्या मेंढीला बगलेत धरून उठवलं, फरशीच्या बाहेर मातीत नेऊन उभं केलं, तिच्या गळ्यातली रिबीन सोडली.

"सोडा त्यास्नी," ते म्हणाले. "भ्यालीत ती. पानी पाजा आन् सोडा."

मग माझ्याकडं बघून त्यांनी हात हलवला. हटकतात तसा. मी माइक खाली केला. ते ढोलवाल्यांना म्हणाले, "वाजवा रं," आणि एकटेच फेऱ्याला निघाले.

अनवाणी, त्या ओल्या ग्रॅनाइटवर, काठी टेकत, एकेक पाऊल जपून. मागं कुणी नाही. तरी मधूनमधून हाळी देत होते, जीभ टाळूला लावून चुचकारत होते. मी त्यांच्या बाजूनं चालत राहिले, पडलेच तर धरायला. देवळाच्या मागच्या कोपऱ्यावर ते थांबले. मागं वळून बघितलं. बराच वेळ बघत राहिले. तिथं लांबलचक काळी फरशी आणि मोबाइल धरलेली माणसं, दुसरं काहीच नव्हतं. त्यांनी मागं राहिलेल्या कोकराला देतात ती बारीक हाळी दिली, थोडं थांबले आणि पुढं निघाले.

फेरा पुरा झाला. आबा आईच्या उंबऱ्यावर डोकं टेकून उठले तेव्हा टाळ्या वाजल्या. टाळ्या! आमच्या फेऱ्याला आजवर कुणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या. अध्यक्ष शाल-श्रीफळ घेऊन पुढं झाले, व्हिडिओवाल्या पोरांना जागा करून दिली आणि आबांच्या खांद्यावर शाल टाकली. आबांनी नारळ हातात घेतला. मग आपण चालून आलो त्या फरशीकडं एकवार बघून घेतलं आणि अध्यक्षांच्या पाठीवर हात ठेवला.

"बघ लेका," ते म्हणाले, "जरा सुदिक घान न्हाई झाली."